राखेवरचा आठ

कमरजहाँला राग आला की तो पायात उतरे. मशीनचं पायडल तेव्हा असं धडधडे की बाकावर बसलेल्या बायका आपली मापं उद्यावर टाकून निघून जात.

ऊर्जानगरच्या वसाहतीला लागून तिचं लेडीज टेलरचं दुकान होतं. नवरा मुबीन वीज केंद्रात फिटर. वसाहतीत उदय क्रीडा मंडळ नावाची एक हौशी संस्था होती. तिनं सिमेंटची स्केटिंग रिंक बांधली, नागपूरचा एक कोच रविवारी येऊ लागला आणि चार चाकांच्या स्केट्सवर गिरक्या घेणाऱ्या पोरींचे झगे शिवायचं काम कमरजहाँकडं आलं. पहिल्याच झग्याची बगल गिरकीत उसवली. कापड नेमकं कुठं ताणलं जातं हे कळावं म्हणून तिनं स्वतः स्केट्स चढवले. वय वर्षं छत्तीस, अंगात सलवार-कमीज, ओढणी कमरेला गाठ मारून. आधी पडली, मग पडायची थांबली, आणि पुढं झग्याचं निमित्त संपलं तरी यायची थांबली नाही.

मंडळाचे सचिव गुणवंतराव. मंडळाच्या वार्षिक स्पर्धेत त्यांनी प्रौढ महिला गट सुरू केला होता आणि त्यात त्यांच्या पत्नी नीलाबाई यांनी ओळीनं चार वर्षं सुवर्णपदक पटकावलं होतं. चारही वर्षं स्पर्धक एकच असल्यामुळं निकालाबद्दल कधी वाद झाला नाही.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत कमरजहाँनं अर्ज भरला आणि ती दुसरी आली. रौप्यपदक केलेलंच नव्हतं. "दोघींत दुसरी म्हणजे शेवटचीच की हो," गुणवंतराव माइकवरून म्हणाले. लोक हसले. तेवढ्यात फोटोच्या वेळी नीलाबाईंच्या झग्याचा हूक तुटला. "अहो टेलरबाई, इकडं या जरा!" गुणवंतरावांनी हाक मारली.

ती गेली. स्पर्धक म्हणून छातीवर दोन नंबरचा कागद, पायात स्केट्स, अशी गुडघ्यावर बसली आणि हूक टाचू लागली. फोटोवाला थांबला नाही. मंडळाच्या कार्यालयात तो फोटो मोठा करून लागला: मधोमध सोनं घालून नीलाबाई, आणि त्यांच्या कमरेमागं दातात सुई धरलेली कमरजहाँ.

"फोटो तं मस्त आला," मुबीन म्हणाला.

त्या रात्री त्याला भाजीत मीठ मिळालं नाही.

तिला सूड हवा होता आणि तो कसा हवा हेही तिला ठाऊक होतं. नीलाबाईंचे ब्लाउज अजून तिच्याकडेच येत. शिवणीत दगा करणं दोन मिनिटांचं काम होतं. पण शिवण उसवली तर लोक टेलरला शिव्या देतात, घालणारीला नाही. म्हणून त्या वर्षभर नीलाबाईंचे कपडे तिनं असे बेतले की तसे वसाहतीत दुसऱ्या कुणाचे नव्हते. तिला फक्त ते सोनं हवं होतं. नीलाबाईंचं.

वाट गुणवंतरावांनीच दाखवली. नोव्हेंबरात त्यांनी नीलाबाईंच्या नव्या झग्यासाठी नियमांची सायक्लोस्टाइल पुस्तिका दुकानात पाठवली. झग्याची लांबी किती असावी ते पान सात वर होतं. कमरजहाँनं पान आठही वाचलं. तिथं लिहिलं होतं की गटात दोन वा अधिक स्पर्धक असल्यास आधी फिगर घ्यावी, मग संगीतावरचं फ्री स्केटिंग, आणि दोन्हींचे गुण मिळवून निकाल लावावा. जानेवारीत दोघी असूनही फिगर कुणी घेतली नव्हती. फिगर म्हणजे जमिनीवर आखलेल्या दोन जुळ्या गोलांवरून आठाचा आकडा काढायचा, प्रत्येक गोल एका पायावर, तीन वेळा, रेघ न सोडता. असे पिवळे गोल कोचनं रिंकवर रंगवून घेतले होते. पोरं त्यांत लंगडी खेळत.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे रिंकवर जाऊ लागली, झाडूवाला मुखरू यायच्या आत. रात्रभरात रिंकवर वीज केंद्राच्या राखेचा पातळ थर बसलेला असे. ऊर्जानगरात तो सगळ्याच गोष्टींवर बसतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही. मुखरू झाडून गेला की मग लोक खेळत.

"राखीत काऊन फिरून राह्यली?" मुबीननं विचारलं. "झाडू दे ना त्याले आधी."

"झाडलं तं मले दिसत नाई, मी कुठी चुकली ते."

तिच्या चाकांचा माग राखेत उमटे. पहिल्या आठवड्यात तो आठ म्हशीनं काढल्यासारखा होता. डिसेंबरअखेर तीन फेऱ्यांचे माग एकमेकांवर बसू लागले. खडूच्या रेघेवर कात्री चालवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. हे त्याच जातीचं काम होतं, फक्त कात्री पायात.

मग तिनं पान आठची नक्कल जोडून मंडळाला अर्ज दिला. गुणवंतरावांनी तो दोनदा वाचला.

"फिगर? अहो, लोक जांभया देतील."

"देऊ द्या ना साहेब. पुस्तकात तं लिवलं हाय."

नकार देता येईना, तेव्हा त्यांनी अधिकार वापरला: फिगर सकाळी साडेसहाला. एवढ्या सकाळी बघायला कोण येतंय! मुखरू येतो सात वाजता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. कारण ते स्वतः रिंकवर नेहमी दहानंतर जात.

तर नव्याण्णवच्या जानेवारीतल्या त्या सकाळी रिंक राखेनं सारवल्यासारखी होती आणि खालचे पिवळे गोल अंधूक दिसत होते. नीलाबाई आधी उतरल्या. त्या वाईट स्केटर नव्हत्या, पण गोल त्यांनी कधी गिरवलाच नव्हता. कमरजहाँला शेजारचे दोन गोल मिळाले. ती उतरली, तीनदा फिरली आणि बाहेर येऊन शाल पांघरून बसली.

नागपूरच्या परीक्षक बाई खाली वाकल्या. एका आठाच्या जागी सांडलेल्या शेवया होत्या. दुसरा एकाच दोऱ्यानं शिवल्यासारखा होता. बाईंनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मी वीस वर्षं परीक्षण करते आहे. फिगरचा निकाल असा जमिनीवर लिहिलेला पहिल्यांदाच बघते."

"ही राख आहे हो," गुणवंतराव म्हणाले. "हे धरू नका."

"मग काय धरू, गुणवंतराव?"

फ्री स्केटिंगला नीलाबाई सरस ठरल्या, टाळ्याही त्यांनाच पडल्या. पण एकूण गुणांत कमरजहाँ सहानं पुढं राहिली.

बक्षीस समारंभात प्रौढ महिलांचं नाव पुकारलं आणि गुणवंतराव तबकाकडं बघतच राहिले. पदकावर आधीच कोरून आणलं होतं: सौ. नीला गुणवंतराव, प्रौढ महिला, प्रथम, १९९९. दरवर्षी ते तसंच कोरून येई. आजवर अडचण आली नव्हती.

"आठ दिवसांत दुसरं करून पाठवतो," ते हळूच म्हणाले.

"दुसरं कायले? हेच द्या."

"अहो, ह्यावर नाव हिचं आहे."

"तेच तं पायजे मले."

पाहुण्यांसमोर तबक मागं कसं ओढणार? पदक तिच्या गळ्यात पडलं.

ते तिनं दुकानात आरशाशेजारी टांगलं, माप द्यायला उभं राहिलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर येईल असं. वसाहतीतल्या सगळ्या बायका वाचून गेल्या. काहींना तर शिवायचंही काही नव्हतं. "हे नीलाबाईंचं इथं कसं?" असं कुणी विचारलं की ती म्हणे, "जिंकलं."

नीलाबाई दोन महिने फिरकल्या नाहीत. मधे चंद्रपूरच्या एका टेलरनं त्यांचे दोन ब्लाउज बिघडवले. मार्चमध्ये त्या आल्या. बाकावर तिघी बसल्या होत्या. नीलाबाई हात पसरून उभ्या राहिल्या आणि समोर स्वतःचं नाव वाचू लागल्या.

"कमरबाई, काढून ठेव ना गं ते."

"ठेवीन ना बाई. जानेवारीत या, आठ काढा, घेऊन जा." तिनं दंडाला टेप गुंडाळली, आकडा पाहिला. एरवी जाड बाईचं माप ती कानात सांगे. आज तिनं वहीकडं न बघता, बाकापर्यंत पोचेल असं सांगितलं, "दंड साडेचौदा. मागच्या वर्षी तेरा व्हता."