दोन चिमटे

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे मणीवाले म्हणायचे. नाव मीच पाडलं होतं. माणूस दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून मातीचे कण हलवायचा. खरे नव्हेत, पडद्यावरचे. गोल, रंगीत, हजारोंनी. त्या कणांमधून मण्यांची एक माळ आडवी घालायचे आणि म्हणायचे, हे कापड. डोंगर कापून केलेला उभा चढ ढासळू नये म्हणून मातीच्या थरांमध्ये जाड कापड अंथरतात. ते आत किती लांब घातलं म्हणजे माती त्याला घट्ट धरेल, हे शोधायला हा सगळा खटाटोप.

"अहो, खऱ्या मातीला कधी हात लावलाय का?" मी विचारायचे.

"त्यासाठी तुम्ही आहात ना, चिमटेबाई."

माझ्याकडे खरी पेटी होती, खरी वाळू, खरं कापड. वाळूत पुरलेलं कापड ओढायचं आणि त्याला किती जोर लागला, तो आकडा लिहायचा. वाळू भरताना कापडाला सुरकुती पडू नये म्हणून मागच्या टोकाला दोन चिमटे लावायचे आणि कापड ओढण्याआधी ते आठवणीने काढायचे. राहिले, तर कापडाला वाळू नाही, चिमटेच धरून ठेवतात आणि आकडा भलताच मोठा येतो. "चिमटे काढले का?" म्हणून मी इतक्या जणांवर खेकसलेय की नवीन माणसं मला बघून आधी पेटीमागे धावायची.

मणीवाल्यांनी माझी पेटी जशीच्या तशी पडद्यावर उतरवली. चिमट्यांसकट.

त्यांचा आकडा आधी आला, चांगला मोठा. मी तीनदा कापड ओढलं, तिन्ही वेळा त्याच्या निम्माच. "वाळू ओली असेल, बाई. पुन्हा बघता?" ते म्हणाले. चौथ्यांदा जुळला! त्यांनी आनंदाने टेबलावर थाप मारली आणि ताईंना फोन करायला पळाले. आईवडील लवकर गेले, या मोठ्या बहिणीनेच त्यांना वाढवलं. तिच्याशिवाय त्यांना कोणी नव्हतं.

ते गेल्यावर मी पेटी उपसली. दोन्ही चिमटे जागच्या जागी.

मी! सगळ्या जगाला शिकवणारी मी! लाजेने जीव अर्धा झाला. मग मनाची समजूत घातली: माझी पेटीच बिघडली असेल, त्यांचा कॉम्प्युटर थोडाच चुकणार? चिमटे डब्यात टाकले. अहवालात चौथा आकडा गेला, पहिले तीन गेले नाहीत.

त्या आकड्यावर चढातलं कापड आखूड केलं. चढाखाली घरांची रांग झाली आणि पहिलं घर ताईंनी घेतलं. "माझ्या भावाने धरून ठेवलेली माती आहे," असं येईल त्याला सांगायच्या.

तीन वर्षांनी एका सकाळी मणीवाले माझ्या टेबलापाशी आले, चेहरा पांढराफटक. दुसऱ्या कामासाठी त्यांनी जुनी माळ उघडली होती.

"बाई, शेवटचे दोन मणी हलतच नाहीत. चिमटे काढायचे राहिलेत माझे. तिथे मला ओरडायला तुम्ही नव्हता हो."

ते तडक मोठ्या साहेबांकडे गेले. साहेबांनी अहवाल पुढे सरकवला: पेटीतही हाच आकडा आलाय, मग चूक कसली? ताईंकडे गेले. त्या हसल्या. "दोन्हीकडे एकच आलं म्हणून तूच नाचत होतास ना? भागूबाई कुठला!"

ते परत आले आणि माझ्यापुढे चक्क हात जोडले. "पुन्हा एकदा पेटी लावा. आकडा कमी आला तर ती निघेल तरी तिथून."

एक वाक्य बोलायचं होतं मला. एकच. मी म्हटलं, "वाळू वाळायला दोन दिवस लागतील, सर."

वाळू कोरडी ठणठणीत होती. मला फक्त दोन दिवस हवे होते, धीर गोळा करायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चढ ढासळून खाली आला. रांगेतली बाकीची माणसं कामावर गेली होती. ताई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या.

चौकशीत मणीवाल्यांनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. नोकरी गेली. तरी अधूनमधून येतात आणि माझ्या स्टुलावर बसून राहतात. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली. कोणी काही विचारलं तर सांगतात, "चूक माझी. बाईंचा हात चोख आहे." ते ऐकलं की वाटतं, याच वाळूत मला कोणीतरी पुरावं.

मग सगळे पांगले की हळूच विचारतात, "पण बाई, तुमच्या पेटीत तोच आकडा कसा आला हो? एवढंच मला कळत नाही."

परवाही विचारलं. मी चाळणी हलवत होते, मान वर केली नाही.

"वाळू ओली असेल, सर," मी म्हटलं.

"हो, तसंच असेल," म्हणाले आणि सांडलेली वाळू हाताने गोळा करून मला देऊ लागले.