उपाशी नायिका आणि आपा

"जेवली का गं ही बाई कुठं?"

कादंबरी परत करायला गेलं की आपांचा पहिला प्रश्न हा. गोष्ट आवडली का, रडू आलं का, ते नंतर. आपण "कोण?" म्हणालो की त्या पुस्तकावर बोट आपटायच्या. "ही! तुझी नायिका. निम्मं पुस्तक झालं, घास न्हाई खाल्ला तिनं. अन् लेखक म्हणतो, लई देखणी दिसाय लागली!"

आपा म्हणजे लातूरच्या आमच्या गल्लीचं वाचनालय. त्यांचे मियाँ शाळामास्तर होते. ते गेल्यावर आपांनी त्यांची पुस्तकं पुढच्या खोलीत मांडली आणि लोकांना घरी न्यायला द्यायला सुरुवात केली. पुस्तक देतानाच शेवट सांगून टाकायच्या. "मरते ती. आता आरामात वाच." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांच्यावर चिडून उठावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याच पायरीवर जाऊन बसावं.

मी तेव्हा कॉलेजात होते. लिंगायत व्यापाऱ्याची मुलगी, घरात डाळीच्या पोत्यांना तोटा नाही, आणि मी जेवत नव्हते. सुरुवात सोमवारच्या उपासानं झाली. मग गुरुवार, शनिवार. मग उपासाचंही खाईना. खरं सांगू? भक्ती वगैरे काही नव्हती. कादंबरीतल्या त्या फिकट, खिडकीशी झुरत बसणाऱ्या बायकांसारखं मला व्हायचं होतं. पुढंपुढं तेही उरलं नाही. ताट समोर आलं की नुसती भीती वाटायची. बरगड्या मोजता याव्यात अशी दशा झाली, तरी आरशात मला मी जाडच दिसायची.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या आणि नळाला पाणी नव्हतं. पाऊस दडी मारून बसलेला. टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी असताना मी धाडकन पडले. शुद्धीवर आले तर काय, बायका माझ्या पाया पडत होत्या! "पोरीचा उपास लई कडक हाय. हिच्याच पुण्याईनं पाऊस येतो बघा." झालं! दारात नारळ यायला लागले. आईला कोण अभिमान. आता मी जेवले असते तर गल्लीचा पाऊस अडवल्याचं पाप माझ्या माथी आलं असतं.

त्याच दिवसांत आपा मला सिनेमाला घेऊन गेल्या. नायिका प्रेमापायी अन्न सोडते आणि झिजून मरते, असा तो सिनेमा. अख्खं थिएटर मुसमुसत होतं. मीही. तेवढ्यात आपा मोठ्यानं म्हणाल्या, "तौबा! मेली तरी गाल भरलेलेच की गं हिचे!" मागं कुणी हसलं, कुणी "ए, गप बसा" म्हणालं. मला अस्सा राग आला! पण वळून बघते तर आपांचं लक्ष पडद्याकडं नव्हतंच. त्या माझ्या हाताकडं बघत होत्या. माझी बांगडी कोपरापर्यंत सरकली होती.

बाहेर आल्यावर त्यांनी मला सावलीत उभं केलं.

"एवढ्या उन्हात शाल घेऊन आलीस. थंडी वाजती?"

"हाव."

"केस गळतात?"

मी मान हलवली आणि मला रडूच फुटलं.

"हे दाखवलं का सिनेमात? दाखवणार न्हाईत. तिकिटं खपायची न्हाईत," असं म्हणत त्यांनी स्वतःच्या पदरानं माझं नाक पुसलं.

तशाच त्या आमच्या घरी आल्या. आई म्हणाली, "आपा, व्रत मोडलं तर देव कोपंल. अन् गल्लीला काय सांगू?"

"पाऊस यायचा तवा येईल गं. पोर गेली तर ती येणार हाय का परत?"

मग आपांनीच वाट काढली. "तुमच्यात व्रताचं उद्यापन असतंय न्हवं? करून टाका की!" घरच्या जंगमस्वामींना बोलावलं. त्यांनी पूजा केली, ते आमच्याकडं जेवले आणि दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं की पोरीचं व्रत पुरं झालं. माझी गल्लीपासून तरी सुटका झाली.

आजारापासून सुटका एवढी सोपी नव्हती. लातूरच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं. नांदेडला एक मनाचे डॉक्टर होते, पण वेड्यांच्या डॉक्टरकडं पोरगी नेली तर लग्न कसं व्हायचं, म्हणून आई हटून बसली. आपा म्हणाल्या, "नांदेडला मी पुस्तकं आणाय जाते. ही माझी पिशवी उचलाय येती. कोण विचारतंय?" तिथं आजाराचं नाव कळलं, ॲनोरेक्सिया. आपांच्या जिभेवर ते कधी बसलं नाही. त्या त्याला 'नायिकांची बीमारी' म्हणायच्या.

एसटीत त्या डबा उघडून दोघींच्या मधे ठेवायच्या. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मला 'खा' म्हणून कधी म्हणाल्या नाहीत. स्वतः जेवत जेवत नायिकांची निंदा करायच्या. मी कधी तुकडा घ्यायची, कधी नुसती बघत बसायची. एकदा मी तुकडा हळूच खिडकीबाहेर टाकला तेव्हा मात्र भडकल्या. "नको तर नको म्हण की! मी खाते. दुष्काळ हाय." त्यातच वर्षं गेली. डॉक्टर, आई आणि आपा, तिघांनी मिळून मला ओढून आणलं. आणि पाऊस? आला की! मी भाकरी खायला लागल्यावर आला.

पुढं लग्न होऊन मी उदगीरला आले. गेल्या हिवाळ्यात आपा गेल्याचा निरोप आला.

ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटत नाही. आपण भाकरी-पिठलं करून नेतो, त्या घरच्यांना बळंच चार घास खायला लावतो. कडू घास म्हणतात त्याला. मी डबा घेऊन लातूरला पोचले. आपांची सून भिंतीला टेकून बसली होती, तिनं आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. मी ताट वाढलं आणि तिच्याशेजारी बसले.

पुस्तकात अशा वेळी बायकांच्या घशाखाली घास उतरत नाही. मला मात्र भूक लागली होती, चांगली सडकून. आपा गेल्या होत्या आणि तरी भूक लागली होती. मी रडत रडत भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि खाल्ली. मग दुसरी घेतली.

सून माझ्याकडं बघत राहिली. जरा वेळानं ती उठली, हात धुऊन आली आणि म्हणाली, "मलाबी वाढा."