लांबदाढे आणि गाढवे

आमचं आडनाव गाढवे. शाळेत हजेरीला ते पुकारलं की मागच्या बाकावरून कुणीतरी रेकायचंच. लग्न झालं की सुटले, या एका आशेवर मी वाढले. आणि मेलं स्थळ आलं ते उंदऱ्यांचं! पोरगा मनात भरला होता, पण आडनाव घशात अडकलं. “गाढवावरून उतरून उंदरावर बसू व्हय?” म्हणून मी घरात आदळआपट केली. दादा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, “ऐतवारी त्यायला जवाब द्यायचाय. नीट इचार कर.”

औंढ्यात देवळाच्या वाटेवर दादांचं चहाचं हॉटेल होतं. गिऱ्हाईक बसलं की पाण्याच्या आधी दादा आडनाव विचारणार. कुठंतरी सोयरीक निघतेच, असा त्यांचा अनुभव. त्याच आठवड्यात देवळावरची शिल्पं पाहायला आलेला इटलीचा एक म्हातारा चहाला टेकला. त्याला सोडतील तर ते दादा कसले! मी बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं, त्यामुळे दुभाषीपण माझ्या गळ्यात.

“लोंबार्दी,” पाहुणा म्हणाला.

“लांब दाढी?” दादांनी त्याच्या गुळगुळीत हनुवटीकडं पाहिलं. “मंग दाढी कुठं हाय?”

मी लाजेनं मेले. तरी तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, तर म्हातारा उडालाच! अर्थ खरोखर लांब दाढीच होता. जर्मनीकडची लांबदाढ्या लोकांची एक टोळी फार पूर्वी इटलीत उतरली आणि तिथलीच झाली. बोली विसरली, दाढ्या गेल्या, नाव तेवढं राहिलं. “यांना कसं कळलं?” म्हणत तो दादांचा हात सोडेना. मग त्यानं आमच्या आडनावाचा अर्थ विचारला. मी थाप मारणार होते, तेवढ्यात दादांनी डोक्यावर दोन हातांचे कान उभे करून रेकूनच दाखवलं. म्हातारा डोळ्यांत पाणी येईतो हसला. मलाही हसू आवरेना.

“बघ पोरी,” दादा म्हणाले, “दाढी जाऊन जमाना झाला, तरी नाव मिरवून राहिला. आन् तुला उंदराची काहून लाज?”

ऐतवारी दादांनी एसटीडीवरून माझा होकार कळवला.

मांडवाच्या कमानीवर ‘गाढवे–उंदरे’ वाचून वऱ्हाडी हसून बेजार झाले. पण निघताना सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, “आता तू आमची उंदरे झालीस,” आणि मला रडू फुटलं. त्या लांबदाढ्यांनी दाढीवाचून पिढ्यान्‌पिढ्या नाव सांभाळलं. माझं एका दुपारी गेलं, आणि जन्मात पहिल्यांदा मला ते हवं होतं.

दादा जीपच्या खिडकीशी आले. डोळे पुसले, आणि असे मोठ्यानं रेकले की सगळं वऱ्हाड दचकलं.

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. तरी मी आतून रेकून उत्तर दिलं.