कपाटातले लोखंडी पाय

मामाला बाजारात सगळे ताठ्या म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तो ओ द्यायचा. लहानपणी तापात दोन्ही पाय लुळे पडलेला माणूस, आणि नाव काय तर ताठ्या. पण होताच तो तसा. किल्ल्या बनवायचं त्याचं खोकं होतं, दरवाजाएवढं रुंद, आणि त्यात स्टूलच ठेवलेलं नव्हतं. पायांना कॅलिपर बांधायचा, म्हणजे मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या, वर चामड्याचे पट्टे आणि गुडघ्यापाशी एकेक खटका. खटका पाडला की गुडघा वाकत नाही. मग पोट फळीला टेकवून दिवसभर उभ्यानं कानस चालवायचा.

कोणी म्हणालं, "अहो, बसून करा की," तर म्हणायचा, "मी बसलो तर तुम्हाला वाकून बोलावं लागेल. कंबर तुमची दुखेल."

घर ते खोकं कुबड्या घेऊन चालतच जायचा. ओळखीचे रिक्षावाले थांबायचे, हा त्यांना हातानंच पुढे घालवायचा. चालून दमत नाहीस का विचारलं, तर म्हणायचा, न चालता दमतो.

मावशी त्याची थोरली बहीण, हॉस्पिटलात आया. दोघं एकाच खोलीत राहायची. सकाळी खट, खट, असे दोन खटके ऐकू आले की मावशी चहाचं आधण ठेवायची. इतक्या वर्षांत तिनं त्याला उठ म्हणून कधी सांगितलं नाही.

मग ती साथ आली. बाजार बंद झाला, खोकं बंद झालं. मावशीची ड्युटी मात्र दुप्पट. मामा खोलीतल्या खोलीत चालायला लागला. खाटेपासून ओट्यापर्यंत, भिंतीला हात लावायचा, परत फिरायचा. दोन्ही भिंतींवर तळहाताचे डाग पडले. खालची बाई वर येऊन म्हणाली, काय हो, कवायत चाललीय का. मामा म्हणाला, "या की, तुम्हीपण या."

एक दिवस ओल्या फरशीवर घसरला. कोपर सुजलं, दुसरं काही झालं नाही. पण मावशी नेमकी ड्युटीवरून आली तेव्हा तो अजून खालीच बसलेला.

"पडलास तर नेऊ कुठं तुला? आमच्याकडे जिन्यात माणसं झोपवलीत. मोडक्या हाडाकडे बघायला कोण रिकामं आहे?"

"नाही पडत."

"आत्ता पडलास ना."

"फरशी तू पुसून गेलीस, आणि पडलो मी."

तो हसला, मावशी नाही हसली. दुसऱ्या दिवशी तिनं कॅलिपर लोखंडी कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या बटव्यात टाकली. पाणी, डबा, रेडिओ, लघवीचं भांडं, सगळं खाटेपाशी मांडलं. म्हणाली, "राजासारखा बस आता."

"राजाला उठता तरी येतं," मामा म्हणाला. पण बसला.

सुरुवातीला ती संध्याकाळी आली की काढून द्यायची, तो दोन फेऱ्या मारायचा. मग तिचं येणं लांबायला लागलं. आली की आंघोळ करून भिंतीला टेकून बसायची आणि म्हणायची, उद्या काढते रे. मामा म्हणायचा, बरं. उद्या, उद्या करता करता पाच महिने गेले. त्याचं पोट सुटलं, बसल्या बसल्या धाप लागायला लागली. दाढी करेना, रेडिओ लावेना. मावशीला वाटलं, दिवसच असे आहेत, सगळ्यांचंच असं झालंय.

बाजार उघडला तेव्हा तिनंच कपाट उघडलं. चामड्याला तेल लावलं, खाली बसून पट्टे बांधायला घेतले. लोखंड सरळ आणि गुडघा वाकल्या जागी आखडलेला. बसेचना. तिनं जोर लावून दाबला.

"ताई, नको," मामा एवढंच म्हणाला.

हॉस्पिटलात व्यायाम करून घेणाऱ्या बाई आहेत, त्यांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "रोज उभे राहत होते ना? मग बंद का केलंत? उभं राहणं हेच यांचं औषध होतं."

मामाच बोलला. "आळस केला हो मी. बाजार बंद होता ना."

घरी आल्यावर मावशीनं विचारलं, "खोटं का बोललास?"

"मग काय सांगू, किल्लीवाल्याला कुलूप उघडता आलं नाही म्हणून? बाजारात तोंड दाखवायचंय मला."

तेव्हा कुठे मावशीच्या डोक्यात उजेड पडला. तसलं कुलूप तो बोलता बोलता उघडायचा, तारेच्या तुकड्यानं. खाटेवरून कपाटाला हात पोचत होता.

"उघडलं का नाहीस मग?"

मामानं चादर गुडघ्यांवर ओढून घेतली. मग म्हणाला, "आधी तू तीन तीनदा दारातून परत यायचीस, मी पडलो का बघायला. कुलूप लावलंस तेव्हापासून मागं न बघता जायला लागलीस. म्हटलं, निवांत जातेय तर जाऊ दे."

त्यानंतर मावशीनं लई केलं. रोज ड्युटीआधी गुडघे शेकायचे, हळूहळू दाबायचे, वर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या. गुडघे दोन बोटं सरळ झाले. मामा म्हणायचा, आणखी आठ बोटं राहिली, मग खोक्यावर. तेवढ्यात थंडीत त्याची छाती भरली. सारखा बसून बसून दमच उरला नव्हता त्याच्यात. चार दिवसांत गेला. खोकं काही उघडलं नाही.

माणसं जमली. खाटेवर आडवा केला, वर चादर टाकली, तर गुडघ्यांपाशी चादर उंच राहिली. शेजारचा म्हातारा म्हणाला, "पाय सरळ करायला पाहिजेत," आणि दाबायला वाकला.

मावशीनं त्याचा हात धरून बाजूला केला.

"राहू द्या. तिथं दुखतं त्याला."

मग तिनं स्वतःच्या खाटेवरची उशी आणली, दुमडली आणि त्याच्या गुडघ्यांखाली नीट सरकवली.