नदीचा रस्ता खोडणारी बाई

देवाशी माझं भांडण होतं आणि ते मी लपवत नव्हते. ज्यांच्या घरी नळ आहे त्यांनी देवाचे आभार मानावेत, बाकीच्यांनी कुणाचे मानायचे, असं मी आईला तोंडावर विचारायचे. मी पाण्याच्या हक्कासाठी काम करते. पत्रकं लिहिते, मोर्च्यात ओरडते. आमच्या गटाचे सहा जण युगांडाच्या ईशान्य टोकाला, केनियाच्या सीमेलगतच्या एका जिल्ह्यात बंद पडलेल्या हातपंपांची पाहणी करायला निघाले होते. त्यांत माझी धाकटी बहीण जुई होती. व्हिसाच्या कटकटीमुळे मला अमेरिका सोडता येत नव्हती, म्हणून प्रवासाच्या सूचनांचं पत्रक मी लिहिलं. तिथे पाऊलही न ठेवता, जर्सी सिटीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये नकाशा उघडून. भाषा मात्र ठाम: हे करा, ते करू नका.

निघायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "दत्तगुरूंवर सोपव. ते कुणाच्याही रूपात येतात."

"तुझ्या दत्तगुरूंना युगांडातले रस्ते माहीत आहेत का?"

"ताई, चिल यार," जुई बॅग भरता भरता म्हणाली.

दुपारी आमच्या ऑफिसचा प्रिंटर बंद पडला. चरफडत मी सार्वजनिक लायब्ररीत गेले. तिथे सगळ्यांची पानं एकाच ट्रेमध्ये पडतात. माझ्या पुढच्या बाईंनी आपल्या नोकरीच्या अर्जासोबत माझं पत्रकही उचललं. परत देता देता त्या थबकल्या आणि उभ्याउभ्याच वाचू लागल्या. पन्नाशीच्या असतील, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्यांचा निळा गणवेश अंगावर होता.

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मी."

"कधी गेली होतीस?"

"गेले नाही."

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की काउंटरवरच्या माणसानं वर पाहिलं. "मग माझ्या माहेरचा रस्ता तू मला शिकवतेस होय?"

मला राग आला. खरं सांगायचं तर लाजच वाटली होती. राग हा लाजेवर टाकायचा माझा नेहमीचा कपडा. बाईंनी पेन काढलं. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, सीमेच्या चौकीचे फोटो काढू नका, डिझेल आणि पाणी शेवटच्या मोठ्या गावातच भरा, हे त्यांनी राहू दिलं. 'पोचताच कामाला लागा' यावर काट मारली. आधी गावच्या वडीलधाऱ्यांकडे जायचं, बसायचं, देतील ते प्यायचं. पंपाचं नाव दुसऱ्या दिवशी काढायचं. मग नदीच्या पात्रातून जाणारा जवळचा रस्ता आला. तो मी जाड अक्षरात सुचवला होता. तो त्यांनी तीनदा खोडला.

"पात्र कोरडं दिसतं. पाऊस डोंगरात पडतो, पाणी इथे येतं. वर आभाळ निळंच असतं." त्यांनी खोडलेल्या रेघेवर पेन टेकवलं. "माझा भाऊ तिथेच गेला."

मला वाद घालायची सवय आहे. त्या वेळी मी फक्त कागदाची कोरी बाजू त्यांच्यापुढे धरली. लांबचा, टेकडीवरचा रस्ता त्यांनी काढून दिला. मी घरी येऊन पत्रक पुन्हा लिहिलं.

पाचव्या दिवशी जुईचा फोन आला. ते टेकडीवर असताना खाली पाण्याचा लोंढा आला होता. एक रिकामा ट्रक वाहून गेला; ड्रायव्हर उडी मारून वाचला. ती पहिल्यांदाच माझ्याशी सगळं मराठीत बोलली, "ताई, आम्ही वरून बघत होतो गं."

त्या बाईंना शोधायला मी तीनदा लायब्ररीत गेले. नाव विचारायचं तेव्हा सुचलंच नव्हतं. त्या भेटल्या नाहीत. प्रिंटर बिघडतात, माणसं रांगेत उभी असतात, हे मलाही कळतं. त्याला काय म्हणायचं यावर मी कुणाशी भांडणार नाही. तिथले पंप अजून बंद आहेत आणि त्याबद्दलचा माझा राग शाबूत आहे. तो देवानं काढून घेऊ नये.

पण जुईच्या फोननंतरच्या गुरुवारी मी आईशेजारी देवासमोर बसले. आजवर तिथेही मी मागण्यांची यादी घेऊनच उभी राहत आले होते. यादी सुरू करायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की जुई वाचावी ही मागणी तर मी कधी केलीच नव्हती.