कांड्यांना आंघोळ

"हे ओलं आहे. परत ने."

"मावशी, सकाळी भरलाय माल. ओला कुठनं असेल?"

"ते मला काय विचारतोस, मालाला विचार." मावशीनं ट्रकातनं एक कांडी उचलली, मनगटाएवढी जाड, वीतभर लांब, आणि गुडघ्यावर मोडली. थप्प असा आवाज आला. मग शेडमधली कालची एक आणून मोडली. ती कट्‌ करून तुटली. "ऐकलंस? तुझी मोडताना कण्हते."

"कण्हण्यावरनं माल परत? अगं, ओलाव्याचं मीटर लाव की."

"मीटर साहेबांच्या कपाटात आहे. वापरलं की जुनं होतं म्हणून ते बाहेर काढत नाहीत."

"ओली झाली तरी शेवटी जळतेच ना."

"जळते. आधी स्वतःतलं पाणी उकळत बसते, मग आच उरलीच तर मला देते. मला चादरी वाळवायच्यात बाबा, तुझ्या मालकाच्या कांड्या नाही. मागच्या अंगाची पोती भिजलीत तेवढी ने. बाकीची उतरव, आणि उतरव म्हणजे उतरव, फेकू नकोस."

ट्रकवाल्यानं दोन शिव्या पोटात घातल्या आणि पोती उतरवली. मावशीशी वाद घालून जिंकलेला माणूस त्या आवारात अजून कुणी पाहिला नव्हता.

मावशी म्हणजे इस्पितळाच्या धुलाईघरातली भट्टीवाली. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. बाकी सगळं इस्पितळ तिला वाफमावशी म्हणायचं. रोजच्या सहाशे चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनची कापडं हे सगळं तिच्या वाफेवर उकळायचं, धुवायचं आणि तापलेल्या रुळांखालून कडक होऊन बाहेर पडायचं. वाफेच्या दाबाचा काटा सातवर असला की धुलाईघर चालू. काटा पाचाखाली गेला की रुळावरची चादर दमट बाहेर येणार, आणि मग वॉर्डातली मोठी सिस्टर खाली येणार. त्या बाईचं खाली येणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

ही वाफ व्हायची कांड्यांवर. कागदोपत्री त्यांना ब्रिकेट म्हणत. सुताराच्या रंध्याखाली पडलेला भुसा, धान्याचा कोंडा, शेंगांची टरफलं, कापणीनंतर रानात उरलेली धाटं, म्हणजे एरवी ज्याच्याकडं कुणी वळून बघणार नाही असलं सगळं दळायचं आणि यंत्रात दाबायचं. त्यात डिंक नाही, खळ नाही. दाब आणि उष्णता एवढी, की लाकडातलाच चीक सुटतो आणि भुसा भुशाला धरून बसतो. कोरडी राहिली तर कांडी दगडासारखी जळते आणि मागं मूठभर पांढरी राख ठेवते. ती राख इस्पितळाचा माळी फुलझाडांना घालायचा.

मावशीचा नवरा याच धुलाईघरात कोळशाच्या जमान्यातला भट्टीवाला. कोळसा त्यानं भट्टीत घातला तसा थोडा थोडा छातीतही घातला आणि पेन्शनीच्या आधीच आटोपला. मावशीला घड्या घालायच्या कामावर घेतलं. पुढं डिझेलचा बॉयलर आला. त्याला बटण होतं, त्यामुळं भट्टीवाल्याची जागाच गेली. मग एक दिवस डिझेल वाईट असल्याचं वरच्यांच्या लक्षात आलं आणि कांड्यांचा बॉयलर बसला. बसवणारी माणसं टाय लावून आली, फोटो काढून गेली. पेटवणार कोण हे विचारायचं राहून गेलं. चार पुरुषांनी हात भाजून घेतले आणि बदली मागितली. तेव्हा घड्या घालणारी ही बाई म्हणाली, मी चुलीपुढं वाढलेय, जाळ मला ओळखतो. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तिनं बॉयलरची परीक्षा दिली. परीक्षकानं विचारलं, काचेत पाण्याची पातळी दिसेनाशी झाली तर काय कराल? मावशी म्हणाली, "आधी आग मारीन. गार पाणी आत सोडणार नाही, नाहीतर बॉयलर आणि मी दोघं छपरातनं बाहेर. मग कुणाच्या पाळीत झालं ते बघीन आणि त्याला आत घालीन." परीक्षकानं पहिल्या दोन वाक्यांना पूर्ण गुण दिले, तिसरं ऐकलंच नाही असं केलं.

आता घरी चूल सुनेच्या ताब्यात गेली होती. भाजीत मीठ किती हेसुद्धा मावशीला विचारल्याशिवाय ठरायचं. सून तशी वाईट नव्हती. ती याच धुलाईघरात रुळांवर होती, आणि इथं मात्र दर अर्ध्या तासानं तिला भिंतीच्या खिडकीतनं डोकं घालून "आत्याबाई, वाफ" म्हणावं लागायचं. मावशीचा त्या दोन शब्दांवर दिवस निघायचा.

त्यामुळं गुरुवारी समिती येणार हे कळल्यावर मावशीनं बोटांवर हिशेब मांडला. समितीसमोर काटा सलग दोन तास सातवर राहिला तर इस्पितळाला हरित प्रमाणपत्र आणि डिझेलचा जुना बॉयलर भंगारात. नाही राहिला तर भट्टी बंद आणि डिझेल पुन्हा सुरू. डिझेलला भट्टीवाली लागत नाही, एक बोट लागतं. नोकरीची चार वर्षं उरलेली, घड्यांच्या खोलीत आधीच बायका जास्त. म्हणजे घरी. तिथं मीठ.

समितीची सगळी तयारी हिरवेसाहेबांकडं होती. पाटीवर ते ऊर्जा आणि पर्यावरण अधिकारी होते. हिरवेसाहेब हे नाव धुलाईघरातल्या बायकांनी ठेवलेलं, आणि ते कानावर आल्यावर साहेबांना मान वाटला होता. मागं एकदा त्यांनी बायकांना पडद्यावर चित्रं दाखवून जैवऊर्जा शिकवली होती. झाड वाढताना हवेतला कार्बन घेतं, जळताना तेवढाच परत सोडतं, म्हणजे बेरीज शून्य. शेणाचा आणि खरकट्याचा गॅस होतो, उसाच्या चोयट्यांवर वीज होते, राखेचं खत होतं. सगळं बरोबर होतं. मावशीनं फक्त विचारलं, "साहेब, कांड्यांचा ट्रक कशावर येतो?"

"डिझेलवर."

"मग तो त्या बेरजेत कुठं बसतो?"

"चांगला प्रश्न आहे," म्हणून साहेबांनी पुढचं चित्र लावलं. तेव्हापासून धुलाईघरात पगार कधी होणार असं कुणी विचारलं, की बाकीच्या बायका एकदम म्हणायच्या, चांगला प्रश्न आहे.

बुधवारी चारला मावशी आग झाकून घरी गेली. पाचला हिरवेसाहेब पांढऱ्या शर्टात शेड बघायला आले. अंगणात पाहुण्यांसाठी व्यासपीठ तयार होतं. नव्या धुलाई यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून सुतारानं ते उभं केलं होतं आणि वर हिरवं कापड घातलं होतं. तिथं सगळं ठीक होतं. मग साहेबांनी कांड्यांच्या राशीवरनं बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

"एवढी धूळ?" ते माळ्याला म्हणाले. "पाहुण्यांना शिंका येतील. जरा पाणी मारून घ्या."

माळी इमानी माणूस. त्याला जरा म्हणजे किती ते फुलझाडांवरनं माहीत होतं. त्यानं टाकी संपेपर्यंत मारलं.

गुरुवारी सकाळी मावशी आली तेव्हा राशीच्या जागी आंबोण होतं. म्हशीपुढं ठेवावं तसं, फुगलेलं, तांबूस, आणि वाफाळतंय की काय असं वाटणारं. कांड्यांचा आकारसुद्धा उरला नव्हता. मावशीनं हात घातला, मूठ पिळली. कोपरापर्यंत ओघळ आला.

हिरवेसाहेब मागनं आले. "आता कसं स्वच्छ वाटतंय."

"कांड्यांना आंघोळ कुणी घातली?"

"धूळ होती मावशी. आणि पाणीच आहे, केमिकल नाही. पाणी तर नैसर्गिकच असतं."

"पूरही नैसर्गिकच असतो साहेब. हे जळणार नाही."

साहेबांचा रंग उडाला. ते धावत जाऊन मीटर घेऊन आले, त्यावरचा प्लास्टिकचा कागद सोलला आणि दोन सुया आंबोणात खुपसल्या. "बेचाळीस टक्के ओलावा," ते म्हणाले, आणि जरा सावरले. "म्हणजे अठ्ठावन्न टक्के तर कोरडंच आहे."

"मग अठ्ठावन्न टक्के तेवढं वेचून द्या. मी जाळते."

भट्टीशेजारच्या पेटीत रोजच्या सकाळपुरत्या कांड्या कोरड्या होत्या. त्यांवर काटा साडेचारपर्यंत चढला आणि तिथं दमला. खिडकीतनं सुनेचं डोकं आलं. "आत्याबाई, वाफ. चादरी ओल्या निघायला लागल्यात. आज दहा ऑपरेशनं आहेत म्हणे."

सव्वानऊ झाले होते. समिती साडेदहाला.

साहेबांनी माहितीपुस्तिकांची खोकी आणवली. जैवऊर्जा, काल आज आणि उद्या. चकचकीत कागद, पाच हजार प्रती, एकही वाटलेली नाही. मावशीनं खोकं रिकामं केलं. जाळ भट्टीच्या तोंडाबाहेर आला, साहेब दोन पावलं मागं सरले, काटा जागचा हलला नाही. काळे पापुद्रे मात्र धुराड्यातनं उडाले आणि अंगणातल्या पांढऱ्या खुर्च्यांवर जाऊन बसले.

"यात दम नाही," मावशी म्हणाली. "नुसतंच भडकतं."

मग साहेब तिच्या कानाशी आले. "मावशी, एक करू. भट्टीत जाळ दिसेल एवढं काहीतरी ठेवा. वाफ आपण गुपचूप डिझेलच्या बॉयलरवर घेऊ. कुणाला कळणार आहे?"

मावशीनं त्यांच्याकडं बघितलं. बटण एकदा दाबलं गेलं, की उद्याही दाबलं जाईल. आणि परवा कुणीतरी विचारील, मग ही बाई इथं कशाला? तिनं घाम पुसायच्या निमित्तानं दाराबाहेर मान काढली. समोर हिरव्या कापडाखाली खोक्यांच्या फळ्या. बिनरंगाच्या, बिनपॉलिशच्या, महिनाभर उन्हात सुकलेल्या.

ती बाहेर गेली, कापड वर करून एक फळी बुक्कीनं ठोकली, आणि खिडकीकडं तोंड करून हाक मारली. "सूनबाई, घड्यांच्या बायका घेऊन ये. आणि हातोडी."

"मावशी, ते व्यासपीठ आहे," साहेब म्हणाले.

"होतं."

"पाहुणे कुठं उभे राहतील?"

"आपण उभे राहतो तिथंच. साहेब, तुम्हाला व्यासपीठ पाहिजे का प्रमाणपत्र पाहिजे ते ठरवा. माझी भट्टी खोळंबलीय."

साहेबांनी ठरवायच्या आत पहिली पायरी निघाली होती. मावशी प्रत्येक फळीतले खिळे उपसायला लावत होती, नाहीतर ते भट्टीच्या जाळीत अडकले असते. स्वागताची रंगवलेली कमान बायकांनी ओढत आणली तेव्हा तिनं परत पाठवली. "रंगाचा धूर वॉर्डात जाईल. आजारी माणसं आहेत तिथं, साहेब नाहीत."

साडेदहाला समिती आली तेव्हा काटा सातवर होता. अध्यक्षबाई जाड चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. अंगणात नुसत्या खुर्च्या बघून त्या थबकल्या.

"इथं व्यासपीठ नाही?"

"आम्ही ती संस्कृतीच सोडली आहे," हिरवेसाहेब म्हणाले. माणूस तयारीचा होता, यात वाद नाही. खुर्च्यांपुढं फक्त भाषणाचे कागद ठेवायचं लाकडी खोकं उरलं होतं, छातीएवढं उंच. त्याच्या दोन्ही कडा धरून ते बोलायला लागले. समितीतला एकजण घड्याळ घेऊन काट्यासमोर बसला.

दीड तास गेला. फळ्या लाकडाच्या असल्या तरी खोक्याच्या, त्यांना कांडीचा टिकाऊपणा कुठला. शेवटचा खांबही आत गेला. काटा सातवरनं हलकेच घसरायला लागला. मावशीनं शेड धुंडाळली, अंगण धुंडाळलं. सगळ्या आवारात बिनरंगाचं कोरडं लाकूड एकच उरलं होतं आणि ते हिरवेसाहेबांनी घट्ट धरलं होतं.

"भाषण किती राहिलंय?" तिनं सुनेला विचारलं.

"आत्ताशी सूर्यापासून झाडापर्यंत आलेत."

"म्हणजे गॅस राहिला, वीज राहिली, राख राहिली. जा, घेऊन ये."

"आत्याबाई, तुम्ही जा की."

"मी दार सोडलं तर काटा सहावर येईल. घरात माझ्या हातातनं मीठ काढून घेतेस तशी जा आणि काढ."

सून गेली. साहेबांशेजारी उभी राहिली. साहेब बोलतच होते. तिनं थोडा वेळ वाट बघितली, मग खोक्याला हात घातला. "साहेब, हे भट्टीत पाहिजे."

साहेबांनी सोडलं नाही. तिनंही नाही. सहाशे चादरी रोज ओढणारी बाई ती. एक हिसका बसला आणि साहेब हातात कागद घेऊन नुसतेच उभे राहिले. सून खोकं डोक्यावर घेऊन निघाली. अध्यक्षबाई चष्मा सावरत तिच्या मागोमाग थेट भट्टीपर्यंत आल्या.

"हे काय जाळता तुम्ही?"

"लाकूड," मावशी म्हणाली. "मगाशी ते तुमच्या पायाखाली येणार होतं."

"आणि रोजचं इंधन?"

मावशीनं आंबोणाकडं हनुवटी केली. "कालपर्यंत तिथं होतं."

अध्यक्षबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. काय ते मावशीला दिसलं नाही. ती खोकं कुऱ्हाडीनं फोडत होती. काटा सातवर परत आला, आणि घड्याळवाला उठून उभा राहीपर्यंत तिथंच राहिला.

महिन्याभरानं प्रमाणपत्र आलं. डिझेलचा बॉयलर क्रेननं उचलून नेला तेव्हा मावशी मुद्दाम बाहेर येऊन बघत उभी राहिली. अहवाल हिरवेसाहेबांनी स्वतः वाचून दाखवला. भट्टीचालक महिलेच्या कामाबद्दल एक ओळ होती. त्याखाली संस्थेच्या साधेपणाबद्दल पाच ओळी. आणि शेवटी: धूळ रोखण्यासाठी इंधनावर पाण्याची फवारणी करण्याचा येथील उपक्रम इतर संस्थांनीही अवलंबावा. ते आपण कळवल्याशिवाय समितीला कळलं नसतं, असं साहेब म्हणाले. दर बुधवारी फवारणी व्हावी म्हणून शेडमध्ये नवा नळही बसवून घेतला होता.

साहेब गेल्यावर मावशीनं पाना आणला, नळाची चावी काढली आणि कमरेच्या पिशवीत टाकली. माळी बघत होता.

"मावशी, बुधवारी मी काय फिरवू?"

"चांगला प्रश्न आहे," मावशी म्हणाली.

खिडकीतनं डोकं आलं. "आत्याबाई, वाफ."

"देते की. चादर सरळ धर तोपर्यंत." तिनं भट्टीचं दार उघडलं, कालची राख खाली ओढली आणि कांड्यांचं फावडं आत सारलं.