देव पाण्यात होता तेव्हा

हे लिहितोय म्हणजे माझा राग गेला, असं कुणी समजू नये. देवाचा अनुभव सांगणारी माणसं शेवटी शांत झालेली असतात. मी अजून झालेलो नाही. माझी शाळा आठवीत सुटली, ग्रंथांत याचं काय उत्तर दिलंय ते मला ठाऊक नाही. पण माझा प्रश्न आठवीतल्या पोरालाही कळेल इतका साधा होता. ज्याला सगळं करता येतं आणि ज्याला सगळ्यांची दया येते, त्याच्या डोळ्यांदेखत काचेच्या पेटीत सव्वा किलोचं पोर श्वासासाठी धडपडतंच कसं? वाचवता येत नसेल तर तसं सांगावं, आम्ही नवस बोलणार नाही. येत असेल आणि तरी बघत बसत असेल, तर त्याला दयाळू कशासाठी म्हणायचं?

आम्ही साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. फरशी बसवायच्या कामाला मी नागपूरला आलो आणि इथंच राहिलो. महाल भागातल्या एका गल्लीत घरमालकीण काकूंच्या घरी भाड्याची वरची खोली आहे. मी स्वभावानं घाबरट. बसवलेली फरशीसुद्धा खालून पोकळ तर नाही ना, म्हणून दहादा ठोकून बघणारा. त्यामुळे बायकोच्या, सुरेखाच्या, पोटात जुळी आहेत असं कळलं तेव्हापासून माझं जेवणावरचं लक्षच उडालं होतं. सातव्या महिन्यात, ऐन मे महिन्यात, तिचं बीपी वाढलं आणि तिला झटके आले. सरकारी दवाखान्यात नेलं, तिथं लगेच ऑपरेशन केलं. एक मुलगा, एक मुलगी. दोघं काचेच्या पेटीत आणि त्यांची आई दुसऱ्या मजल्यावर, बेशुद्ध.

सकाळी मी खोलीवर आलो आणि देव पाण्यात ठेवला. आमच्याकडे घरचं माणूस जिवावरच्या संकटात असलं की तसं करतात. गाव सोडताना आईनं खंडोबाचा टाक दिला होता, दोन बोटं रुंद चांदीच्या पत्र्यावर उठवलेला. तो पितळी तांब्यातल्या थोड्या पाण्यात बुडवला आणि म्हटलं, तिघंही या खोलीत येतील तेव्हाच तुला बाहेर काढीन. आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरली. म्हणाली, "अरे, नुसतं ठेवायचं असतं. देवाला आकडा सांगतात का?" पण मी सांगून बसलो होतो.

चौथ्या दिवशी दुपारी मुलगा गेला. त्याचं नावही ठेवलं नव्हतं. माझ्या हातानं मी त्याला मातीत ठेवलं. उन्हानं माती इतकी तापलेली होती की आधी खड्ड्यात पाणी शिंपडलं, त्याला चटका बसेल म्हणून. गेलेल्या पोराला कसला चटका, पण मी शिंपडलं. नंतर गावाकडून फोन सुरू झाले. कुणी म्हणालं मागच्या जन्मीचं असतं. चार दिवसांच्या पोराचा कसला मागचा जन्म? बरेच जण म्हणाले, एक तरी राहिलं, देवाची कृपा. मी फोन बंद करून टाकला. मुलगी जगली ही त्याची कृपा असेल, तर मुलगा गेला ते कुणाचं? चांगलं झालं की त्याचं नाव आणि वाईट झालं की आमचं नशीब, ही कुठली रीत? गवंड्यानं एक भिंत नीट बांधली आणि दुसरी पाडली, तर आपण त्याला पहिलीसाठी हार घालतो का?

खोलीवर आलो तर उन्हानं तांब्यातलं पाणी आटून टाक अर्धा उघडा पडला होता. मी तांब्या काठोकाठ भरला. काकू दारात उभ्या होत्या.

"काहून गा, आता तरी काढ त्याले."

"नाही काढत. तिघं आली तर काढीन म्हणालो होतो. आता तिघं कधीच येणार नाहीत. कळू दे त्याला, नाकातोंडात पाणी जाणं काय असतं."

मला वाटलं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "भांड, पोटभर भांड. पण पोटात काही टाकून भांड. उपाशी माणसाचा आवाज देवापर्यंत जाईन का?" आणि भाकरी-पिठलं समोर ठेवून जिना उतरल्या.

इकडे मुलीचं पोट फुगायला लागलं. पावडरचं दूध तिला पचत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आईचंच दूध पाहिजे. आई तर अजून डोळे उघडत नव्हती. मी पेटीसमोर उभा राहून मनात देवाला इतकं घाण बोललो की ते इथं लिहिता येणार नाही. तेवढ्यात सिस्टरनं खांद्याला हात लावला. म्हणाली, वॉर्डातली एक बाई दूध द्यायला तयार आहे, तिचे रिपोर्ट चांगले आहेत, डॉक्टरांना विचारलंय, तुमची हरकत आहे का? माझी कसली हरकत! वाटीभर दूध आलं. सिस्टरनं ते नळीनं थेंब थेंब दिलं. संध्याकाळपर्यंत पोट उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईचे पाय धरायला गेलो. नरखेडकडची होती, पंचविशीची असेल. पलंगावर पाय दुमडून बसली होती. शेजारच्या सगळ्या पलंगांवर पोरं रडत होती, तिच्या कुशीत काही नव्हतं. तेव्हा मला समजलं. तिचं बाळ पोटातच गेलं होतं, सिस्टर हळूच म्हणाली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"ताई, हे तुम्ही कसं केलंत?" एवढंच तोंडातून निघालं.

"कसं म्हणजे? माह्या लेकराचं आहे, मोरीत काहून सांडू?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुम्ही पुण्याकडचे का जी? बोलणं तसंच आहे. रडू नका, भाऊ. इथं बायाच पुरत नाही रडाले."

मला हसू आलं आणि त्याची लाज वाटली. मी विचारलं, "तुम्हाला देवाचा राग नाही येत?"

"येते ना! रोज शिव्या घालून राहिली मी त्याले. सासू म्हणते पाप लागन. म्हटलं लागू दे, आणखी काय नेन तो?" तिनं पदर सारखा केला. "पण दूध येऊनच राहिलं ना, भाऊ. त्याले कोण सांगन, बाळ नाही म्हणून? मंग वाटलं, तुमची पोरगी आहे तर तिले पाजावं."

माझ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. मला नाही वाटत ते कुणाकडे आहे. पण ती माझ्यासारखी अट घालून बसली नव्हती. माझं बाळ परत दे, मगच देईन, असं ती म्हणाली असती तर तिला कुणी नाव ठेवलं नसतं, आणि माझी मुलगीही गेली असती. त्या दिवशी खोलीवर येऊन मी टाक पाण्यातून काढला, पुसला आणि देव्हाऱ्यात ठेवला. अट पुरी झाली नव्हती. मी त्याला माफही केलं नव्हतं. नुसतं म्हटलं, ये बाहेर, तुला कोंडून माझा मुलगा येत नाही.

सुरेखा शुद्धीवर आली. आठवड्यानं तिला दूध आलं. सिस्टरनं नरखेडच्या ताईला सांगितलं की आता गरज नाही. तिलाही त्याच दिवशी सुट्टी मिळाली होती. जाताना ती पेटीजवळ आली, तिथं सुरेखा बसली होती. सिस्टरनं क्षणभर मुलीला तिच्या हातात दिलं. तिनं मुका घेतला नाही, नुसतं वास घेतल्यासारखं केलं. म्हणाली, "काय वं, फुकटची जाड होऊन राहिली." मग मुलीला सुरेखाच्या मांडीवर ठेवलं आणि आपल्या सासूला हळूच म्हणाली, "आता फडकं घट्ट बांधून द्या मले. दूध आटवा लागन."

मुलगी आता रांगते. मी रोज दिवा लावतो, हात जोडतो, आणि खोटं कशाला सांगू, रोज थोडं भांडतोही. पण स्वतःसाठी काही मागणं सुटलंय. माझ्या घरात जे आहे ते दुसऱ्या आईच्या दुःखातून आलेलं आहे, एवढं मला कळतं, आणि त्यापुढं मान आपोआप खाली जाते. देवा, मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. त्या ताईला दे.